बुंध्यावरची बैठक

९ मार्च
आले एकदाची. इतकी वर्षं एकांत हवा, एकांत हवा म्हणून घरच्यांचं डोकं खाल्लं, तो मिळाला. दोन खोल्या, एक चूल, मागचं दार उघडलं की सरळ रान. घरमालकीण बोलघेवडी आहे. चुलीजवळ रचलेली लाकडं दाखवून म्हणाली, मागच्या थंडीतली आहेत, खुशाल जाळा. पेटताना कण्हल्यासारखी कुरकुरतात, ओली असावीत. आधीचा भाडेकरू चित्रकार होता म्हणे, चपला इथंच टाकून न सांगता निघून गेला. ताईला कळवलं, डिसेंबरात न्यायला ये, तोवर पुस्तक हातावेगळं करते. ती म्हणाली, आठवड्यात पळून येशील. बघूच.

२ एप्रिल
रानात एक कापलेला बुंधा सापडलाय, बसायला अगदी माझ्या मापाचा. रोज सकाळी वही घेऊन तिथंच बैठक. सुरुवातीला डोक्यात भाजीपाला आणि ताईशी अर्धवट राहिलेलं भांडण. हळूहळू तेही गळालं. देव वगैरे मला कधी जमला नाही, पण पानं हलली की कुणीतरी बोलावतंय असं वाटतं. मालकिणीनं हटकलं, एका जागी फार बसू नका, मधूनमधून उठत जा. तिला माझ्या मूळव्याधीची काळजी असावी.

२१ मे
आज चिमणी खांद्यावर येऊन बसली, बराच वेळ. मला रडूच आलं. माणसातला 'मी' गळल्याशिवाय पाखरू का असं जवळ येतं? स्वतःची पाठ थोपटून घेतली.

१७ जुलै
भर पावसात तशीच बसून राहिले. तळपायांना इतकं बरं वाटलं की जेवायचं विसरले. उठताना पाय ओढून काढावे लागले. चिखल असेल.

५ सप्टेंबर
मालकीण मला हाका मारत माझ्या समोरून गेली. मी ओ दिली. तिनं वळूनही पाहिलं नाही. पाखरं घाबरत नाहीत ती माझ्या साधुपणामुळे नव्हे. भीती वाटते. उद्यापासून घरातच बसायचं.

ऑक्टोबर
घरात गेलेच नाही. उठता येत नाही. बुंधा खालून कोमट लागतो. शेजारी माझ्या चपला — कधी काढल्या?

नोव्हेंबर असावा
बोटं वळत नाहीत. पेन्सिल बेचक्यात धरून — पानं गळताहेत, माझीच — मी जाळलेली ती लाकडं कण्हत होती. चित्रकार कुठंही गेला नव्हता. मी त्याच्यावरच —

थंडी
ताई आली. शब्दाला जागली. मला हाका मारत फिरतेय. मी ओरडते, तर नुसती करकर —

दमली. मला टेकून उभी आहे. कुडकुडतेय. ताई, मी —

मालकीण म्हणतेय, रात्र इथंच काढा, उद्या पोलिसांत कळवू. लाकडं संपलीत, पण हे झाड वाळलंय, छान पेटेल. ताईनं कुऱ्हाड मागून घेतली. काम केलं की ऊब येईल म्हणाली. लहानपणी मला थंडी वाजली की तीच कुशीत —

ताई, थांब, मी इथं