बांधाखालचा घेवडा

१ ऑक्टोबर, बुधवार

जाहीर करून टाकलं. आमच्या नेमबाजी क्लबच्या अठरा तारखेच्या वार्षिक मॅचचं दुपारचं जेवण यंदा मी करणार. एकट्याने.

क्लबच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. म्हणालो, मित्रहो, अकरा वर्षं माझी बायको तुम्हाला हिरव्या मिरचीचा रस्सा आणि अंड्याची सँडविचेस खाऊ घालते आहे. दोन स्टेजच्या, म्हणजे दोन फेऱ्यांच्या, मधे एप्रन बांधून चुलीकडे पळते. गेल्या वर्षी तिचं नाव पुकारलं तेव्हा ही रस्सा उतू जातो म्हणून तिकडे. ती स्टेज बुडाली आणि बायकांच्या गटाचं बक्षीस, पट्ट्याचं चांदीचं बक्कल, हातचं गेलं. यंदा नदीन फक्त नेम धरेल. चमच्याला हात लावणार नाही. हा माझा शब्द.

टाळ्यांसाठी थांबलो. कुणी वाजवल्या नाहीत. भारावले असणार.

मॅच डायरेक्टर पाद्रे म्हणाला, त्यापेक्षा कोन्सुएलोची बुरिटोची गाडी बोलावू ना. मी ताडकन म्हणालो, अठराशे ऐंशी साली गाडी होती का? आपण तेव्हाचे कपडे घालतो, तेव्हाच्या बंदुका चालवतो, आणि खायचं मात्र चाकावरचं? (पाद्रे म्हणजे खरा पाद्री नव्हे, प्लंबर आहे. आमच्यात प्रत्येकाला जुन्या काळचं एक नाव घ्यावं लागतं. मी कर्नल कॅनियन. गालिच्यांच्या दुकानातून निवृत्त झालो, पण ते इथे कुणी विचारत नाही.)

नदीनने नाव घेतलंय बारूद विधवा. मी हयात आहे हे तिला दाखवून दिलं होतं. म्हणाली, घेऊन ठेवलेलं बरं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मेनू ठरला. पुरलेला घेवडा, राजम्यासारखा सुका. खड्ड्यात निखारे, त्यावर बिडाच्या हंड्या, वर माती. रात्रभर आपोआप शिजतो. सकाळी मी हात मागे बांधून फिरणार आणि लोक विचारणार, कर्नल, जेवणाचं काय? मी फक्त हसणार.

नदीनला सांगितलं. ती म्हणाली, घेवडा आधी भिजत घालशील ना? म्हटलं, बाई गं, गुराखी लोकांना भिजत घालायला वेळ होता का? ती म्हणाली, त्यांना वेळाशिवाय दुसरं होतं काय?

बायकांना इतिहास कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

परसात तालीम. कुदळीच्या चौथ्या घावाला पाण्याचा पाइप. कारंजं उडालं. पाइप चुकीच्या जागी टाकला होता. पाद्रे येऊन दुरुस्त करून गेला. जाताना म्हणाला, कर्नल, अजून वेळ आहे, बुरिटो. जळतो माझ्यावर.

तालीम रद्द. अनुभवी माणसाला तालीम लागत नाही.

आजपासून रोज सकाळी अर्धा तास नेमबाजीचाही सराव करायचा. आपण मागच्या मॅचला शेवटून पहिले आलो ते केवळ उन्हामुळे.

६ ऑक्टोबर

सराव उद्यापासून.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी डुलकीतून उठलो तर नदीन स्वयंपाकघरात फोनवर कुजबुजत होती. शब्द ऐकू आले: साठ जणांचं… अठराला, शनिवारी, बरोबर बाराला… नवऱ्याला अजिबात कळता कामा नये.

मी पावलं न वाजवता परत जाऊन पडलो. डोळे भरून आले. माझा सत्कार! आणि साऱ्या क्लबला सामील करून घेतलंय! किती गुणी बायको आहे ही, आणि मी तिला इतिहासावरून बोललो.

भाषण तयार ठेवतो. छोटंसंच. 'मी काहीच केलं नाही' अशी सुरुवात.

११ ऑक्टोबर, शनिवार

सरावाची मॅच. नदीन जोरात आहे. काय झाडते! निशाणाच्या लोखंडी पाट्यांचा आवाज एकामागून एक, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही. म्हातारा आर्लो, वय वर्षं ब्याऐंशी, कायम पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसलेला, म्हणाला, यंदा बक्कल हिचंच, जर कुणी हिला चुलीकडे ओढलं नाही तर. आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणालो, निश्चिंत राहा.

नदीन स्टेज संपवून आली आणि माझ्या कोटाच्या खिशात हात खुपसून उभी राहिली. मी विचारलं, थंडी वाजते का? म्हणाली, नाही रे. अकरा वर्षांत पहिल्यांदा मॅचच्या आधी मला रश्शाचं स्वप्न पडलं नाही.

डोळ्यात पाणी होतं तिच्या. धूर गेला असेल.

जेवणाआधी पाद्रेचं नेहमीचं पुराण. हात धुवा, हात धुवा, गोळीतलं शिसं हाताला लागतं, पोटात जातं. शिसं, शिसं, शिसं! हात धुण्याच्या पिंपापाशी उभा राहून एकेकाचे तळवे तपासतो. हा माणूस प्लंबर झाला नसता तर नर्स झाला असता. मी नळाखाली बोटं नाचवून आलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर खड्ड्याची जागा बघायला एकटाच गेलो. गुप्तता महत्त्वाची, नाहीतर सल्ले द्यायला दहा जण गोळा होतात. चुलीच्या शेडमागे कुदळ मारली. मुरूम! कुदळ उलटी उसळून गुडघ्यावर. तंबूंच्या मैदानात, तेच. फाटकापाशी, तेच. कंबर गेली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कंबर अजून गेलेलीच. नदीनने शेक दिला आणि म्हणाली, वेंडल, तुला नको असेल तर आताच सांग, मला राग येणार नाही. मी म्हणालो, कर्नल माघार घेत नाही. ती म्हणाली, मग कर्नलला म्हणावं, पालथा झोप.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सापडली!

चौथ्या स्टेजला, पाट्यांच्या मागे जो मातीचा उंच बांध आहे ना, त्याच्या पायथ्याशी. जमीन लोण्यासारखी! फावडं सहज आत. वीस वर्षं हा क्लब इथे आहे आणि ही मऊ जागा कुणाच्याही लक्षात येऊ नये? लोक बघत नाहीत, हेच खरं. दुकानात असताना मी नुसत्या टाचेने सांगायचो गालिच्याखाली फरशी कुठे खचली आहे.

मातीत करड्या रंगाची, चपटी-चपटी खडी फार आहे. वजनदार. उष्णता चांगली धरेल. देवाने माझ्यासाठीच घातली असावी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस. दुपारी खड्ड्यात लाकडं पेटवली. संध्याकाळपर्यंत निखारे लालबुंद. चार हंड्या मांडल्या. प्रत्येकीत घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, कांदा, काकवी, लाल मिरची. मग पाण्याचा कॅन उचलला, तेवढ्यात पाद्रेच्या गाडीचे दिवे फाटकाशी! प्रसंगावधान राखलं. कॅन झुडपात, झाकणं हंड्यांवर, कडेला पटापट कणीक लिंपली, निखाऱ्यात उतरवून वर माती. पाद्रे पोचला तेव्हा मी शीळ घालत पाट्या पुसत होतो.

म्हणाला, कर्नल, तोंड का काळं झालंय? म्हटलं, सराव.

दुसऱ्या कुणाची तारांबळ उडाली असती. मी एकही गोष्ट विसरलो नाही.

भाषण पाठ आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी

सकाळी उठून बघतो तर नदीन आरशासमोर. तपकिरी झगा, दोन पिस्तुलं, हॅट. एप्रन खुंटीवरच. किती वर्षांनी तिला मॅचला एप्रनशिवाय पाहिलं. सुंदर दिसत होती. तसं म्हणायचं होतं, पण हंड्यांचा विचार आला आणि राहून गेलं.

शनिवार, अकराच्या सुमारास

चौथ्या स्टेजच्या बांधातून बारीक धूर येतोय. टायमर धरलेला माणूस कुरकुरला, पाट्या नीट दिसत नाहीत. आर्लो म्हणाला, कुणीतरी बंदुकीत जुन्या काळची काळी दारू भरलेली दिसते. मी म्हणालो, हो हो, तेच.

नदीनचा नंबर धुरातच आला. तिने धुराकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं, मग दहाच्या दहा पाडल्या. ती सगळ्यांच्या पुढे आहे. दोन स्टेज उरल्या.

माझा स्कोअर लिहीत नाही. स्वयंपाक्याकडून नेमाची अपेक्षा करू नये.

शनिवार, दुपारी. हात धुऊन लिहीत आहे, तीन वेळा.

बाराला गोळीबार थांबला. साठ माणसं ताटं घेऊन टेबलांवर. पाद्रेने विचारलं, कर्नल, जेवणाचं काय? ठरल्याप्रमाणे हसलो. फावडं खांद्यावर टाकून चौथ्या स्टेजकडे चालू लागलो. मागून सगळे. मिरवणूकच म्हणा ना.

बांधाच्या पायथ्याशी पहिलं फावडं मारलं तेव्हा पाद्रे ओरडला, थांब! मग अगदी हळू आवाजात म्हणाला, कर्नल, जेवण कुठे आहे? मी बोटाने जमीन दाखवली.

तो बांधापाशीच मटकन बसला. हॅट काढली. म्हणाला, अरे बाबा, वीस वर्षं आपण सगळे याच बांधात गोळ्या घालतोय. ही माती मऊ का आहे, तुला काय वाटलं?

मी म्हणालो, झाकणं घट्ट आहेत.

त्याने मूठभर माती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. चपटी खडी. इतक्या जवळून आधी पाहिली नव्हती. एका खडीवर चक्क गोळीचा आकार शिल्लक होता. आर्लो म्हणाला, मी मॅचला वीस वर्षं गोळ्याच झाडल्या, खायला आज पहिल्यांदा मिळणार होत्या. लोक हसायला लागले. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं, कारण मग मला नदीन दिसली.

ती त्याच स्टेजच्या टेबलाच्या कडेला बसून पिस्तूल पुसत होती. दोन स्टेज उरलेल्या. माझ्या मनात जे आलं ते लिहितो, इथे कोण वाचतंय. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, नदीन, गाडीत अंडी आहेत का गं? दुकान अर्ध्या तासावर आहे. तू सांगशील तसं मी सोलतो.

तिने वर पाहिलं. म्हणाली, मी चमच्याला हात लावायचा नाही. कोण म्हणालं होतं?

मी म्हणालो, मीच.

ती म्हणाली, मग पाच मिनिटं गप्प बस.

बसलो. त्या पाच मिनिटांत साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मग फाटकाशी हॉर्न वाजला. कोन्सुएलोची गाडी! बाजूला मोठी मिरची रंगवलेली. कोन्सुएलो खिडकीतून ओरडली, साठ बुरिटो, बाराला सांगितले होते, जरा उशीर झाला, नवऱ्याला कळलं तर नाही ना?

नवरा तिच्या समोर उभा होता.

अविश्वास! माझ्याच घरात, माझ्याच फोनवरून, नऊ दिवस आधी! आणि सारा क्लब सामील! मी संतापून तीन बुरिटो खाल्ले. मिरची चांगली होती, तो प्रश्न नाही.

नदीनने अर्धाच खाल्ला. उरलेल्या दोन्ही स्टेज एकही चूक न करता मारल्या. बक्कल तिला मिळालं. पाद्रेने नाव पुकारलं तेव्हा ती लहान मुलीसारखी धावत गेली. मी सगळ्यात मोठ्याने ओरडलो. घसा बसला आहे, त्यामुळे भाषण देता आलं नाही. तसं कुणी विचारलंही नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

पाद्रेने हातमोजे दिले आणि म्हणाला, हंड्या काढ, आतलं सगळं फेकून दे, कुत्र्यालाही घालू नकोस. नदीन सोबत आली. पट्ट्याला बक्कल.

मी तिला सांगितलं, तुम्ही लोकांनी जे गमावलंय ते निदान डोळ्यांनी तरी बघ. असा घेवडा या राज्यात कुणी केला नसेल. शिशाचा दोष माझा नाही, चव माझी आहे. कणीक फोडली, झाकण उचललं.

तळाशी जळलेल्या काकवीचं डांबर. त्यावर घेवडा, कोरडा ठणठणीत, पिशवीतून ओतला तसाच. हंडी हलवली तर खुळखुळली.

चारही हंड्यांत तेच.

नदीनने विचारलं, वेंडल, पाणी? मी झुडपाकडे पाहिलं. कॅन तिथेच होता, काठोकाठ भरलेला.

ती इतकी हसली की बांधालाच टेकून बसली. मग डोळे पुसत माझा मातकट हातमोजा हातात घेतला. म्हणाली, एक सांगू? अकरा वर्षं नेम धरताना माझं अर्धं लक्ष चुलीकडे असायचं, जेवण होईल की नाही, होईल की नाही. काल पहिल्यांदा मन शांत होतं. तुझं जेवण होणार नाही याची मला पक्की खात्री होती.

यावर मी घरी येईपर्यंत विचार केला. निष्कर्ष: बक्कल माझ्यामुळे मिळालं. तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, अगदी बरोबर, आता आंघोळ कर.

२२ ऑक्टोबर, बुधवार

क्लबची मीटिंग. पुढच्या वर्षीचं जेवण कोन्सुएलोकडे, एकमताने. मी हात वर केला नाही, तरी एकमताने. पण माझ्या अनुभवाचा उपयोग करून घ्यायचा असंही ठरलं. हात धुण्याचं पिंप आणि साबण, हे खातं आता माझ्याकडे. मी स्वीकारलं. उभा राहून.

निघताना पाद्रेने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, कर्नल, काम सोपं आहे, फक्त पिंपात पाणी भरायला विसरू नकोस. हेच फाटकापर्यंत तीनदा सांगितलं. मग नदीनला बाजूला घेऊन तिलाही सांगितलं.