एकही सॉफ्टवेअर धड नाही

३ मार्च, सोमवार
क्लबात पत्त्यांचा ब्रिज खेळताना मेहुण्याने सगळ्यांदेखत अपमान केला. "भाऊजी, तुमच्यापेक्षा कॉम्प्युटर बरा पार्टनर!" सहा नो ट्रम्पची मोठी बोली बोललो, तीन हात कमी पडले, एवढंच. सोळा तारखेला माझी चाचणी घेणार, मगच स्पर्धेत पार्टनर करणार म्हणे. नळांचं दुकान शून्यातून उभं केलं मी. ब्रिज किस झाड की पत्ती! सॉफ्टवेअर आणून सराव करणार.

४ मार्च
पहिलं सॉफ्टवेअर. दर बोलीला शेरा: 'ही बोली जास्त आहे.' तुला विचारलंय कोणी? दुकानात असला आगाऊ नोकर दुपारपर्यंत टिकला नसता. सौ.ला म्हटलं, काढून टाक.

६ मार्च
मशीनच जुनं. नवा लॅपटॉप आणला. दुसरं सॉफ्टवेअर. लबाड! त्याला माझी पानं दिसतात, नाहीतर मी हरतो कसा? कंपनीला खरमरीत ईमेल. उत्तर आलं: कृपया नियम वाचा. चोराच्या उलट्या बोंबा.
जुन्या कॉम्प्युटरवर दुपारभर खटखट. सौ. बिलं भरत असणार. माझे कान तिखट आहेत.

९ मार्च, रात्री
सापडलं! तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं पान परत घेता येतं. बाण दाबला की झालं. सारखा जिंकतोय. बनवणाऱ्याला माणसाची पारख आहे.

१३ मार्च
मेहुण्याचा फोन. सराव चालू आहे ना? म्हटलं, तू तुझं बघ.
खटखट अजून चालूच. इतकी कसली बिलं?

१६ मार्च, रविवार
चाचणी. किलवरचा राजा टाकला, चुकला, उचलून दुर्री ठेवली. हात आपोआप गेला. विरुद्ध जोडीतले वकील म्हणाले, "अहो, हे काय?" म्हटलं, चालतं. मेहुणा कडाडला, "कुठे चालतं?" मग मागे वळून, "ताई, तू बस." सौ. पर्स माझ्या हातात देऊन बसलीसुद्धा.

२३ मार्च
स्पर्धा. बहीणभाऊ पहिले. कुठे शिकलीस विचारलं. "तुम्ही काढून टाक म्हणालात ना, त्याच्यावर. चांगलं आहे हो, दर चूक सांगतं."
म्हणजे शोध माझाच.
मंगळवारी मला पार्टनर घेते म्हणाली. बोली ती सांगेल तीच, आणि टाकलेलं पान टाकलेलं. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. ठणकावून सांगितलं, खेळून आल्यावर चहा मी करीन, पण माझ्या सवडीने.