फाट्यावरचा हंप

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आधी बंपर बघितला त्यानं! माणूस रस्त्यावर आडवा पडलाय, आणि हा गाडीतून उतरून बंपरवरनं हात फिरवतोय! भरमानं डोळ्यांनी बघितलं — त्याची चहाची टपरी फाट्यावरच. तो ओरडला, "अहो, सर पडल्यात, ते बघा की!" तेव्हा कुठं ह्यांच्याकडं वळला.

हे रोजच्यासारखे सायकलवरनं शाळेला निघालेले. गावच्या फाट्यावरनं चिकोडी रस्त्याला लागले आणि मागनं पांढरी गाडी. मांडीचं हाड मोडलं. निपाणीच्या डॉक्टरांनी बेळगावला पाठवलं. आत्ता दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. रडू येत नाही. राग येतोय. नुसता राग!

२० नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. मांडीत रॉड घातला. शुद्धीवर आल्यावर ह्या माणसानं पहिलं काय विचारावं — "नववीची चाचणी कोण घेणार?"

बघायला आलेली माणसं तर काय सांगू! टिळकवाडीचे चुलत दीर म्हणाले, "आण्णाला कितींदा सांगितलं, स्कूटर घे म्हणून. या वयात सायकल कशाला?" म्हणजे चूक सायकलची! ज्यानं उडवलं त्याला कोणी विचारत नाही, बाबा, तू एवढ्या जोरात कुठं निघालतास? मी हसून चहा दिला. मग जिन्यात जाऊन भिंतीवर बुक्की मारली. बोटं सुजली आहेत.

२४ नोव्हेंबर

पोलीस स्टेशन. नाव? रायाप्पा. वय? बावन्न. काम? हायस्कूलला शिक्षक. "सायकल रस्त्याच्या मधनं चालवत होते काय?"

म्हटलं, साहेब, कडेनं जायला कड ठेवलीय का? एका अंगाला उसाच्या ट्रॉल्या उभ्या, दुसऱ्या अंगाला डांबर संपून खड्डा. सायकलवाल्यानं जायचं कुठनं? उसातनं?

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "होगली बिडरी, अक्का."

जाऊ द्या म्हणे! कानडीत सांगा नाहीतर मराठीत सांगा, मला हे वाक्यच नको. तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठले नाही.

२५ नोव्हेंबर

झोप नाही.

१ डिसेंबर

ह्यांना घरी आणलं. आणि संध्याकाळी तो आला! समर्थ. तो गाडीवाला. बरोबर आई, हातात सफरचंदांची पिशवी. पंचविशीतलं पोरगं, निपाणीत फरशीचं दुकान आहे म्हणे. मान खाली घालून बसला. वाटलं, आता माफी मागेल. तर म्हणाला, "काकी, मी हॉर्न दिलता."

"हॉर्न दिलास म्हणजे रस्ता तुझा झाला व्हय रं? हॉर्न ऐकून माणसानं काय हवेत उडायचं?"

त्याची आई म्हणाली, "पोरगं धड जेवंना झालंय, आक्का."

म्हटलं, ह्यांना कूस बदलता येत नाही, त्याचं काय?

हे पडल्या पडल्या म्हणतात, "बस रं पोरा, चहा घेऊन जा." मी चहा केला नाही. पिशवी दाराबाहेर ठेवली.

ती दोघं गेल्यावर हे हळूच म्हणाले, "अगं, नाव क्षमा हाय तुझं."

"नाव आई-आप्पांनी ठेवलंय. मी न्हाय!"

८ डिसेंबर

आज परत! त्याच फाट्यावर! आमच्या गल्लीतली दिपाली सायकलवरनं शाळेला निघालेली. टेम्पो घासून गेला. कोपर फुटलं, पोरगी वाचली. टेम्पोवाला थांबलासुद्धा नाही. तिची आई दारात बसून रडत होती. म्हटलं, उठ. रडून काय होतंय? रस्त्यावर बसायचं.

१० डिसेंबर

बसलो! बायका, पोरं, सगळ्या सायकली आडव्या टाकून. दोन्हीकडनं गाड्यांच्या रांगा. हॉर्न वाजवत होते — वाजवा! एकानं काच खाली केली, "रस्ता काय तुमच्या बापाचा हाय काय?"

"मग तुझ्या बापाचा हाय व्हय? सगळ्यांचा हाय, म्हणून तर बसलोय!" टाळ्या पडल्या.

दुपारी इंजिनियर आला. गाड्या हळू व्हाव्यात म्हणून रस्त्यावर आडवा हंप करू म्हणाला. पण मोठा रस्ता आहे, मंजुरी लागते, आधी बोर्ड, दिवा, पांढरे पट्टे, सगळी तयारी करून मग हंप. "महिनाभर द्या."

महिनाभर! महिन्यात अजून किती जणांनी पडायचं? म्हटलं, "बोर्ड मागनं लावा, पट्टे मागनं मारा. हंप परवापर्यंत पाहिजे. न्हायतर मी हितनं उठत न्हाय."

"असं करता येत नाही, मॅडम."

मी सरळ डांबरावर आडवी झाले! पातळ, पदर, कशाची पर्वा केली नाही. मग फोनाफोनी. मग कबूल.

गावात माझी मिरवणूकच काढायची राहिली.

१२ डिसेंबर

झाला हंप! चांगला उंच. उभं राहून मीच सांगितलं, अजून घाला, अजून.

मग टपरीपाशी थांबून बघत बसले. कशा मुकाट ब्रेक दाबतात! समर्थची गाडीपण आली. खालनं घासली — कर्रर्र! भरमा हसला, मीही हसले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, "पट्टे मारले?"

मारतील की! ह्यांना सगळ्यात खोट काढायची. जेवताना बोलले नाही मी. पण पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी.

१४ डिसेंबर, रविवार

पहाटे धुकं होतं. चिकोडीकडनं मोटरसायकलवर नवराबायको येत होती. तिच्या माहेरी निघालेली. हंप दिसला नाही. मागं बसलेली बाई उडाली. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच गेली.

पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा रस्ताभर. नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. एकेकाच्या तोंडाकडं बघून विचारत होता, "हे कुणी केलंय हितं? मागच्या आठवड्यात गेलतो, तवा न्हवतं. कुणी केलंय हे?"

मी पुढं झाले. म्हटलं, मी.