वस्तादांच्या सहीची जागा

मंगळवार, ९ एप्रिल २००२

तालमीतली बैठक आटोपून आलो, पण ती पहिली ओळ डोळ्यांपुढून हलत नाही. दहशतवादाविरुद्धच्या नव्या कायद्यात नुसत्या संशयावरून माणसाला महिनोन्‌महिने आत ठेवता येतं, म्हणून कलेक्टरांना द्यायचं निवेदन मीच लिहिलं होतं. तालमीच्या कुठल्याही कागदावर पहिली सही मेहबूब वस्तादांची. मग परवानगी गणपतीची असो, नाहीतर मोहरमच्या पंजांची. आजही पहिली ओळ त्यांच्यासाठीच सोडली होती.

वस्तादांनी पेन परत दिलं. "माझं नाव नगं, मास्तर. वरचं नाव वाचून सायेब खालचं वाचनारच न्हाईत. उगं तुमी पोरं अडकशीला."

एरवी वस्तादांशी तासतासभर हुज्जत घालणारे आम्ही. आज एकानंही म्हटलं नाही, 'करा की ओ सही!' मीही नाही. सगळ्यांनी दुसऱ्या ओळीपासून सह्या केल्या. पहिली कोरीच.

आणि खरं लिहायचं तर, त्यांनी पेन परत दिलं तेव्हा मला हायसं वाटलं. आता हे निवेदन कुठल्या तोंडानं द्यायचं? कायदा होऊन दोन आठवडे झाले. आमच्या गल्लीत अजून एक पोलीससुद्धा आलेला नाही.