तिला कुणी विचारलं नाही

आई, आज तुझ्यावर राग काढायला कागद घेऊन बसले आहे. तू जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुला वाचताही येत नव्हतं, त्यामुळे मध्येच तोंड घालणार नाहीस एवढं बरं आहे.

केजच्या ज्या खासगी दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथून हल्ली बर्फाचा एक डबा शहरात जातो. एखाद्या बाईचं पोट पडलं, की जे निघतं ते त्या डब्यात. त्यातल्या पेशी काढून श्रीमंत बायकांच्या गालात टोचतात आणि सुरकुत्या जातात म्हणे. जातात की नाही देव जाणे. परवा एका पुढाऱ्याची बायको आली होती, साठीची, गाल ढोलकीसारखे ताणलेले. "सिस्टर, तुमी बी घ्या की दोन सुया, लई फरक पडतो," म्हणाली. तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी हसून तिला चहा दिला.

तू मला मारलं नसतंस, तर मी ही नोकरी निवांत केली असती. मी बारा वर्षांची, तू गावची सुईण. शेजारीण बाळंत झाली, तू बाळामागून पडलेली वार माझ्या हाती देऊन पुरायला पाठवलंस. जमीन दगडासारखी, खड्डा होईना, म्हणून मी ती उकिरड्यावर टाकून आले. तू चुलीपुढून उठतेस, भाकरीच्या पिठाच्या हातानं माझ्या कानाखाली वाजवतेस. "कामून फेकलीस? कुत्र्यानं खाल्ली तर? बाईच्या आंगाचं हाय ते!" मग मला ती परत आणायला लावतेस. स्वतः खड्डा खणून, मीठ घालून, वर दगड ठेवतेस.

पण तू काही देवी नव्हतीस. त्याच शेजारणीला पुढच्या खेपेला मेलेलं लेकरू झालं. ती हात पसरून मागत होती आणि तू ते फडक्यात गुंडाळून बाहेर नेलंस. "बघितलं की माया लागती," एवढंच म्हणालीस. कुठं पुरलंस तेही तिला सांगितलं नाहीस. ती शेवटपर्यंत तुझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. बाईच्या अंगाचं म्हणायचं आणि बाईला विचारायचं नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकले.

मागच्या महिन्यात ऊसतोडीवरून परतलेली एक पोरगी आली. चौथ्या महिन्यात पोट पडलेलं. निघालेलं डब्यात द्यायला संमती आहे, अशा कागदावर अंगठा घेणं माझं काम. "कशाचा वो सिस्टर?" तिनं विचारलं. "घरी सोडायचा कागद आहे," मी म्हणाले. तिनं लगेच अंगठा पुढं केला. घरी जाताना मात्र ती दारात थांबली. "माझं कुठं पुरलं?" डबा केव्हाच गेला होता. मी म्हणाले, "मागं, लिंबाखाली." तिचा चेहरा एकदम सैल झाला. "तपासणीला येईन तवा हळदकुकू घिऊन येते. तुमीच जागा दावा," म्हणाली.

ती तपासणी आज आहे. आत्ता ती दवाखान्यात मला शोधत असेल. मला ताप आहे असं मी डॉक्टरांना कळवलंय. आई, मला ताप नाही.