वैशालीच्या वयाची रेघ

मंगळवार, संध्याकाळ. मनीषनगर.

राग अजून उतरलेला नाही. आज माझ्या धाकट्या बहिणीला, वैशालीला, घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी एक आलेख दाखवला. स्तनाच्या कॅन्सरमधून वाचणाऱ्या बायका वर्षागणिक वाढताहेत, सगळ्या रेघा वर चढताहेत. फक्त चाळिशीच्या आतल्या बायकांची रेघ बाकीच्यांच्या खाली. वैशाली बत्तीस वर्षांची.

मी विचारलं, "तरुण बायका तर जास्त तग धरायला हव्यात ना?"

"त्यांचा आजार पुष्कळदा जास्त जोरकस असतो. शिवाय या वयात कुणाला संशयच येत नाही, म्हणून उशीर होतो."

उशीर! आठ महिन्यांपूर्वी वैशालीने कामठीच्या दवाखान्यात गाठ दाखवली, तेव्हा तो डॉक्टर हसला होता. "या वयात कॅन्सर? दुधाची गाठ आहे." तपासणी नाही, काही नाही. दुधाची गाठ म्हणे! आणि मी? मीसुद्धा फोनवर तिला म्हटलं होतं, "डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते काय वं?" हे लिहितानाही लाज वाटते.

परतताना ऑटोत तिने विचारलं, "ताई, कोणावर चिडून राहिली वं?"

"त्याच्यावर. माझ्यावरही."

"मंग उद्या माझ्यासंग कामठीले चाल. त्याले फाइल दाखवू. पुढच्या पोरीले तरी तो अशीच वापस नाही पाठवणार."

परवा तिची पहिली केमो आहे आणि तिला काळजी पुढच्या पोरीची. मी शिकवते त्या शाळेला उद्याच्या रजेचा निरोप पाठवून दिला.