बाबांच्या रंध्याचं नूतनीकरण

४ मार्च, सकाळी ७
रिटायर होऊन चार दिवस. आजपासून मागची खोली म्हणजे माझं वर्कशॉप. तिथे वाळत घातलेले कपडे हलवायला बायकोने साफ नकार दिला. हरकत नाही, वर्कशॉप कपड्यांखाली चालेल.
माळ्यावरून बाबांची हत्यारांची पेटी काढली. बाबा सुतार. मी एकतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला. पण हात रक्तातच असतो. बाबा म्हणायचे, तुझा हात पेनाचा. त्यांनी मला कधी करवत धरूच दिली नाही, त्यांना कळणार कसं?

४ मार्च, दुपार
पेटीचा आवाज आईने ऐकला. गेल्या वर्षभरात तिची नजर जवळजवळ गेलीच, उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणाली, त्यांचा रंधा असेल बघ त्यात. आण, जरा हातात धरते.
रंधा होता. पातं गंजलेलं, मूठ काळीकुट्ट. म्हटलं, आई, चकाचक करून देतो. म्हणाली, आहे तसाच दे रे.
आई पहिल्यापासून संकोची. कुणाला कामाला लावायचं तिच्या जिवावर येतं.

६ मार्च
तक्ता तयार, तीन रंगांत. आठ दिवसांत रंधा. महिनाअखेर सगळी पेटी. त्यानंतर घरातलं फर्निचर मी स्वतः. उद्या श्रीगणेशा.

९ मार्च
श्रीगणेशा कालपर्यंत झाला नाही. पण व्हिडिओ अकरा पाहिले. पाया पक्का हवा.

१४ मार्च
गंज काढायला पातं व्हिनेगरमध्ये बुडवलं होतं. एक दिवस ठेवायचं, चार दिवस राहिलं. चाळणी झाली. लोखंडच हलकं असणार. पातेलं बायकोचं होतं. त्यावर घरात चर्चा झाली. चर्चेत मी बोललो नाही.

१७ मार्च
हार्डवेअरवाल्याकडून नवं पातं आणलं. तो मला काका म्हणाला. स्वतः पन्नाशीचा आहे. पातं घट्ट बसवणारी लाकडी पाचर ठोकताना फुटली. तीही नवीन घेतली. रंधा हळूहळू सुधारतोय.

२१ मार्च
आईने चौथ्यांदा विचारलं. दोन मिनिटं दे, मग ने परत, म्हणाली. म्हटलं, अर्धवट काम मी हातावेगळं करत नाही. ऑफिसात एकही फाइल अर्धवट पुढे गेली नाही माझ्याकडून. (पुढेच गेली नाही, असं हेडक्लार्क म्हणायचे. तो विषय वेगळा.)

२८ मार्च
आता मूठ. वापरून वापरून पार झिजलेली. अंगठ्याच्या जागी तर चांगला खड्डा. इतक्या वर्षांत बाबांनी साधी मूठ बदलू नये? व्हिडिओवाला म्हणतो, झीज दिसली की घासायची. जाड पॉलिश पेपरने तीन दिवस घासतोय. बोटं सोलली. पण खड्डा गेला. आतलं लाकूड कसं गोरंपान निघालं!

२ एप्रिल
वार्निशचे तीन हात झाले. अप्रतिम. माझं मलाच भरून आलं. बायको बघून गप्प राहिली. तिला शब्द सुचले नसावेत.

३ एप्रिल, सकाळी ११
आईला दिला. तिने आधी हात धुतले, केस सारखे केले, मग दोन्ही हात पुढे केले.
अंगठा मुठीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. रंधा उलटा केला, सुलटा केला. वास घेतला. मग परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, छान आहे हो. कुणाचा आणलास?
म्हटलं, बाबांचाच. म्हणाली, नाही रे. मी त्यांचा डबा घेऊन जायचे कामावर. ते रंधा खाली ठेवायचे, की मी उचलायचे. त्यांच्या अंगठ्याच्या खड्ड्यात अंगठा ठेवायचे. मूठ गरम असायची. चारचौघांत त्यांचा हात धरायची सोय नव्हती तेव्हा.
मी म्हटलं, वार्निश सुकलं की कळेल तुला.
असं का म्हटलं मी?

३ एप्रिल, दुपार
बायको म्हणाली, मला त्या खड्ड्याचं माहीत होतं. सांगणार होते, पण तोवर तुम्ही घासून मोकळे झाला होतात.
जेवलो नाही.

५ एप्रिल
खचून चालणार नाही. खड्डा गेला, तर खड्डा करता येतो. गोल कानस आहे पेटीत. बाबांचा अंगठा केवढा होता? माझ्यापेक्षा रुंद. किती रुंद, आठवत नाही. एकतीस वर्षं दुनियेचं रेकॉर्ड सांभाळलं आणि बापाच्या अंगठ्याचं माप माझ्याकडे नाही. वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडलो.
मग मूठ उजव्या हातात धरली, अंगठा आला तिथे पेन्सिलीने खूण केली. कामाला लागलो.

९ एप्रिल
झालं! वार्निश खरवडून काढलं, खड्डा कोरला, तेल चोळलं. आईच्या हातात दिला. तिने अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाली, हो, आता बसला.
बघा! शेवटी हात रक्तातच असतो. उद्यापासून करवत.

१० एप्रिल
बायको भाजी निवडताना बोलून गेली. आई काल तिला म्हणाली, ते डावखुरे होते गं. याने खड्डा उजव्या हाताचा केलाय. त्याला सांगू नकोस, बोटं सोलून घेतलीत त्याने.
बाबा डावखुरे होते. मला माहीत नव्हतं. असं कसं माहीत नव्हतं?
आईच्या खोलीत गेलो. रंधा मांडीवर घेऊन बसली होती. विचारलं, बसतो ना गं अंगठा?
म्हणाली, हो रे. अगदी तस्साच.
म्हटलं, मग ठीक आहे.